परसातून पोरांना तारे दाखवायचेत, दुर्बीण घेऊ का नको?

कृष्णाकाठ (३ डिसेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, आकाशातलं मला काही म्हणता काही कळत नाही. चंद्र आणि सप्तर्षी एवढीच ओळख, त्यातले सप्तर्षी पण शाळेत असताना कॅम्पला दाखवलेले, आता दाखव म्हटलं तर सापडायचे नाहीत. तर विषय असा की आमचं गाव वाईच्या पुढे धोम धरणाच्या अंगाला, आम्ही पुण्यात आणि गावी आई एकटी (वय ७६). मुलगी पाचवीत आहे, तिला शाळेतल्या बाईंनी सांगितलं की १३ तारखेला रात्री उल्कावर्षाव आहे, झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शनिवारच आहे म्हणून गावी जायचं ठरवलंय, बहिणीची दोन पोरं पण येणार. घराच्या मागे परसात गोठ्यापलीकडे मोकळी जागा आहे, पूर्वी तिथं खळं होतं, तिथंच सगळ्यांनी आडवं पडून बघायचं असा बेत.

आता प्रश्न. ऑनलाईन एक दुर्बीण बघितलीये, ५२५ पट मोठं दिसतं असं लिहिलंय, सहा-सात हजाराला आहे, मुलगी हट्ट धरून बसलीये, घेऊ का? दुसरं म्हणजे उल्का नाही दिसल्या तर पोरं दहा मिनिटांत कंटाळून मोबाईल मागणार, तेव्हा अजून काय काय दाखवता येईल? तिसरं, रस्त्यावर खांबाला नवीन एलईडी लावलाय, त्याचा उजेड थेट परसात येतो, त्याचं काय करायचं?

आणि एक राहिलंच. आई म्हणते तुमच्या त्या उल्का मला नका सांगू, तिकांडं डोक्यावर आलं की तुझे वडील दारं धरून (म्हणजे रात्री शेताला पाणी देऊन) घरी यायचे, मला तेवढं माहितीये. हे तिकांडं म्हणजे नक्की काय? विचारलं तर म्हणते दिसलं की दाखवीन, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती रात्रीची बाहेर बसतच नाही.

झणझणीत

मी घेतली होती अशीच एक, चार वर्षं झाली. पहिल्या दिवशी चंद्र बघितला, भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी गुरू शोधायला पाऊण तास गेला कारण स्टँडला नुसता हात लागला की गुरू गायब. सध्या तिच्या स्टँडवर टॉवेल वाळतात. बाकी जाणकार सांगतीलच.

रात्रपाळी

दादा, दुर्बीण नका घेऊ. कधीच नका असं नाही म्हणत, या १३ तारखेसाठी नका. उल्का बघायला दुर्बीण लागतच नाही, उलट अडचण होते. उल्का आकाशात कुठेही चमकते आणि सेकंदात संपते, आणि दुर्बिणीतून तुम्हाला दिसतो आकाशाचा नखाएवढा तुकडा. त्यासाठी आपले दोन डोळे आणि चटई, बास.

ते ५२५ पट वगैरे खोक्यावर छापायला असतं. साधा हिशोब लक्षात ठेवा, पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या फार तर दुप्पट, त्यापुढे नुसता मोठा धुरकट गोळा दिसतो. या किमतीतल्या दुर्बिणीचं भिंग ६०-७० मिलिमीटरचं असतं, म्हणजे सव्वाशे-दीडशे पटीच्या वर विषय संपला. आणि वर झणझणीत म्हणतात तसा स्टँडचा प्रॉब्लेम, तो तर भिंगापेक्षा मोठा. मुलीला शनीची कडी दाखवायची म्हणून घेणार असाल तर हे वर्ष नेमकं वाईट आहे, कारण यंदा मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे कडी अजून कडेनेच दिसतायत, गोळ्यातून सुई आरपार घातल्यासारखी. दोनएक वर्षं थांबलात तर छान उघडतील.

आता १३ ची रात्र. तुम्हाला लॉटरी लागलीये असं समजा, कारण त्या दिवशी वद्य नवमी आहे, चंद्र उगवायला रात्रीचे दोन वाजतील, तोपर्यंत काळंभोर. (आपल्याकडे सगळं कुटुंब गच्चीवर जमतं ते कोजागिरीला, आणि तारे बघायला त्याच्याइतकी वाईट रात्र नाही, पण मसाला दूध असतं त्यामुळे कोणी तक्रार करत नाही.) जेमिनिड्स म्हणतात या वर्षावाला, उल्का मिथुन राशीतून, म्हणजे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून फुटल्यासारख्या वाटतात म्हणून. बाकीचे वर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या कचऱ्यामुळे होतात, हा मात्र फेथन नावाच्या एका लघुग्रहामुळे, तो १९८३ साली सापडला. वाळूच्या कणाएवढे तुकडे असतात, सेकंदाला ३५ किलोमीटरने वातावरणात घुसतात आणि जळतात. ३५ म्हणजे उल्कांच्या मानाने रमतगमतच, लिओनिड्स वर्षावातल्या ७१ ने येतात. म्हणून या बघायला सोप्या, पोरांना "ती बघ" म्हणून ओरडायला वेळ मिळतो. ऑगस्टातला पर्सीड्स म्हणून दुसरा मोठा वर्षाव असतो पण तेव्हा आपल्याकडे ढग, त्यामुळे महाराष्ट्राचा वर्षाव म्हणजे हाच.

बातम्यांत तासाला शंभर-सव्वाशे असा आकडा येईल, तो पोरांना सांगू नका. तो हिशोब एकदम अंधारं आकाश आणि वर्षावाचं केंद्र बरोब्बर डोक्यावर असं धरून केलेला असतो. वाईजवळ तासाला तीस-चाळीस दिसल्या तरी पार्टी. साडेनऊ-दहाला बसा, दोनपर्यंत वाढत जातील. बसू नका, झोपाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी मान धरते.

उजेडाचं म्हणाल तर खांब तुम्ही हलवू शकत नाही, तुम्ही हला. गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत जागा धरा किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर ताडपत्री टाका, दिवा डोळ्याला थेट दिसला नाही म्हणजे झालं. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कोणी एकाने मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीला लाल पतंगाचा कागद दोन पदरी लावा, लाल उजेडाने डोळे फारसे बिघडत नाहीत. शेकोटीचा मोह होईल, नका करू, धूर नेमका वरच जातो. त्यापेक्षा गोधड्या जास्त न्या, पहाटे दव पडतं, खाली ताडपत्री पाहिजेच.

ओतूरकर

रात्रपाळी साहेबांना +१. पण एक सांगतो, आमच्या जुन्नर भागात परसात रात्री झोपून तारे बघा असा सल्ला कोणी दिला तर त्याला घरचे आत कोंडतील. ऊस घराच्या भिंतीला लागलेला आणि बिबट्या उसात. आमच्याकडे संध्याकाळी सात नंतर पोरं अंगणात पण नाहीत, आम्ही स्लॅबवर जाऊन बघतो आणि जिन्याचं दार लावून घेतो. तुमच्याकडे ऊस कितपत आहे माहीत नाही पण आधी गावात विचारा, खास करून लहान पोरं आडवी झोपणार असतील तर. स्लॅबवरून क्षितिज पण जास्त मोकळं मिळतं हा बोनस.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, तिकांड्याचं कोणीच सांगितलं नाही अजून! मृग नक्षत्र माहिती असेल ना, चार पायांचा चौकोन आणि पोटात एका रांगेत तीन तारे, हरणाला लागलेला बाण म्हणतात तो. तेच तिकांडं. खाली झगझगीत व्याध असतो, बाण मारणारा. तुमच्या आईचं घड्याळ होतं ते.

आमच्याकडे आजी सप्तर्षींना बाज म्हणायची. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे चोर. म्हातारी झोपली की बाज पळवायची म्हणून चोर टपून आहेत, पण म्हातारीला झोपच येत नाही, म्हणून ते रात्रभर ध्रुवाभोवती घिरट्या घालतात. मी लहानपणी विचारलं होतं की बाज नेऊन करणार काय, तर आजी म्हणे ते चोराले विचार. सप्तर्षी १३ ला मध्यरात्रीनंतर एकच्या पुढे पूर्ण वर येतील, पोरं जागी राहिली तर ही गोष्ट सांगा. चोरांतल्या मधल्याजवळ एक बारका तारा दिसतो का विचारा. मधला वसिष्ठ आणि बारकी अरुंधती, लग्नात भटजी नवरानवरीला दाखवतात (किंवा दुपारच्या मुहूर्तावर मांडवाच्या छताकडे बोट करतात) ती हीच.

अंधाराचंच म्हणाल तर आमच्या पेंचला या. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथं आकाशगंगा बघितल्यावर नागपूरला परत आलं की वर बघवत नाही.

कृष्णाकाठ (४ डिसेंबर)

अरे बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. ओतूरकर, बरं झालं बोललात. आमच्याकडे ऊस थोडा लांब आहे पण चुलत्यांना फोन केला, ते म्हणाले यंदा गावात बिबट्याचं काही ऐकलं नाही तरी पोरांना मधे झोपवा आणि मोठी माणसं कडेला. विंचवाची भीती आहे म्हणून आईची बाज आणि दोन खाटा बाहेर काढू.

रात्रपाळी, आई म्हणते तिकांडं डोक्यावर आलं की दारं धरून घरी यायचे, म्हणजे किती वाजता? आणि रोज एकाच वेळी कसं येईल ते? मुलीने विचारलं, मला उत्तर येईना.

रात्रपाळी

मुलगी हुशार आहे. रोज एकाच वेळी नाही येत. प्रत्येक तारा रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. म्हणजे तुमच्या आई-वडिलांना नुसतं तिकांडं बघून भागायचं नाही, महिना कुठला चाललाय ते डोक्यात ठेवून हिशोब करावा लागायचा, आणि तो ते न बोलता करायचे. १३ डिसेंबरला तिकांडं संध्याकाळी सातनंतर पूर्वेला उगवेल आणि रात्री साडेबारा-पाऊणला सगळ्यात वर येईल. पंपाला रात्रपाळीची लाईट असलेल्या शेतकऱ्याला हे बरोबर पटेल. (माझं नाव त्यावरून नाही, मी कंपनीत रात्रपाळीला असायचो, बाहेर चहाला आलो की वर बघायची सवय लागली.) पोरांना एक गंमत दाखवा, तिकांडं उगवताना उभं असतं आणि मावळायला लागलं की आडवं होतं. आणि ते जवळजवळ बरोब्बर पूर्वेला उगवतं, बरोब्बर पश्चिमेला मावळतं, त्यामुळे होकायंत्र पण तेच.

कंटाळा येऊ नये म्हणून कार्यक्रम असा लावा. आठ वाजता अंधारात आलात की नैऋत्येला वर एक शांत पिवळट तारा, न लुकलुकणारा, तो शनी. उत्तरेला वर शर्मिष्ठा (ताऱ्यांचा समूह), इंग्रजी एम सारखी, तिच्या जरा दक्षिणेला देवयानी नावाच्या समूहात एक पुसट डाग दिसतो, थेट बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा मग उमटतो. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा, तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षं लागतात, नुसत्या डोळ्याने याहून लांबचं काही सहज दिसत नाही. डोक्याकडे कृत्तिकांचा झुबका, किती मोजता येतात यावर पोरांची पैज लावा, सहा झाले तर डोळे चांगले, आठ-नऊ म्हणाला तर दोनदा मोजायला लावा. कृत्तिकांच्या खाली लालसर रोहिणी. नऊ-साडेनऊला व्याध आणि पुनर्वसूशेजारी गुरू, दोघंही पूर्वेकडून वर आलेले असतील, दोघांत फरक ओळखायचा, व्याध रंग बदलत लुकलुकतो, गुरू स्थिर. अकराच्या सुमारास पाचगणीच्या डोंगरावर दक्षिणेला एकटाच एक तेजस्वी तारा येईल तो अगस्त्य. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेला तो परत आलाच नाही, समुद्र पिऊन टाकणारा तोच, गोष्टींना तोटा नाही.

घरात कोणाकडे साधी बायनॉक्युलर असेल तर मात्र न्या. १० बाय ५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगाची) असेल तर कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) बघून मुलगी दुर्बीण विसरेल. हात टेकवून धरली तर गुरूचे चंद्र पण दिसतील, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले ते चार. पुढे खरंच गोडी लागली तर पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, देशातली सगळ्यात जुनी हौशी मंडळींची संस्था, तिथं जाऊन आधी मोठ्या दुर्बिणीतून बघा मग खिशात हात घाला. मुंबईकडच्यांसाठी खगोल मंडळ आहे, त्यांचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम असतात.

एडिसनवासी

धागा वाचून अगस्त्यासाठी जीव तुटला. आम्ही न्यू जर्सीत, बॅकयार्ड मोठं आहे पण अगस्त्य इथं उगवतच नाही, साधारण ३७ अंशाच्या वर उत्तरेला गेलं की तो कायमचा क्षितिजाखाली, आम्ही ४० वर. त्या बदल्यात सप्तर्षी जवळजवळ मावळतच नाहीत. वऱ्हाडी ठेचांच्या चोरांना इथं ओव्हरटाईम आहे.

मुलांसाठी एक उद्योग सुचवतो, आम्ही केलाय. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश होतात, लहान मुलाची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जमतो. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ ठेवत मोजायचं. ध्रुव जितके अंश वर तितकं आपलं अक्षांश. माझ्या मुलाने इथं चार मुठी मोजल्या आणि सांगलीला माझ्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर पावणेदोन मुठी सांगितल्या. पृथ्वी गोल आहे हे त्याला शाळेत सांगून पटलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, आजोबांचा ध्रुव आपल्यापेक्षा खाली का ठेवलाय.

आमच्याकडे १३ ला बर्फाचा अंदाज आहे त्यामुळे तुम्ही बघा आणि लिहा.

झणझणीत

पुण्यातून मुठी मोजायच्या तर ध्रुव आधी दिसला पाहिजे. समोर बारा मजली आहे.

कृष्णाकाठ (१५ डिसेंबर)

सांगितल्याप्रमाणे वृत्तांत. काल संध्याकाळी परत आलो, अजून झोप पुरी व्हायचीये.

ताडपत्री दोरीवर टाकली, वाऱ्याने दोनदा उडाली, शेवटी चुलत्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली आणून मधे उभी केली, एकदम फर्स्टक्लास अंधार. पोरांनी मोजायला चिंचोके घेतले, एक उल्का एक चिंचोका, डब्यात टाकायचा. दहा ते दीड ७१ चिंचोके झाले पण त्यात भांडण आहे, भाचा म्हणतो ताईने एकाच उल्केचे दोन टाकले, आणि एक विमान पण आहे त्यात हे मी स्वतः बघितलंय. तरी पन्नास पक्क्या धरा. एक तर अशी गेली की ट्रॉलीची सावली पडली असं चुलते म्हणतात, मी नेमका चहा ओतत होतो. कृत्तिका मुलीला सात दिसल्या, मला चष्मा लावून एक डाग. देवयानी कोणालाच सापडली नाही, रात्रपाळी साहेब सॉरी. मुठी मोजल्या, मुलीच्या दोनला जरा कमी आल्या, लगेच वहीत लिहिलं.

पहिल्या दोन उल्का दिसल्यावर आई आतून ओरडली की तारा तुटताना बघू नये, राम राम म्हणा. मग पोरांनी प्रत्येक उल्केला राम राम सुरू केलं, तो गोंधळ ऐकून अकराच्या सुमारास ती स्वतःच बाहेर आली, दोन गोधड्या आणि कानाला मफलर. बाजेवर आडवी झाली आणि म्हणाली अगं बाई, एवढ्या कुठून आल्या, ऑपरेशनच्या आधी मला वाटायचं कमी झाल्या. मग जी बोलायला लागली ते थांबेना. वडील कुठल्या बांधावर कंदील ठेवायचे, पाणी फुटलं की कोणाला हाक मारायची, १९७२ च्या दुष्काळात दारं धरायला पाणीच नव्हतं तरी ते रात्री उठून बाहेर जाऊन बसायचे. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं. मुलगी उल्का सोडून तिच्याकडेच तोंड करून झोपली होती.

मधेच आई म्हणाली, आलं बघ तिकांडं डोक्यावर, ते फाटक वाजायची वेळ झाली. भाच्याने पटकन मोबाईल काढून बघितलं, बारा बेचाळीस. सगळे त्याच्यावर ओरडले, डोळे गेले ना सगळ्यांचे. आई म्हणाली, घड्याळ कशाला बघतोस, मी सांगितलं ना.

बायनॉक्युलर घ्यायची ठरलीये. १० बाय ५० की ७ बाय ५०? आईने पण बघायचंय म्हणते.

रात्रपाळी

देवयानी पुढच्या अमावास्येला, सोडत नाही तुम्हाला. हात थरथरत असतील किंवा पोरं धरणार असतील तर ७ बाय ५०, चित्र कमी हलतं. आईंना खुर्चीत बसवा आणि कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायला सांगा. १० जानेवारीला गुरू आकाशात सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला येतोय, रात्रभर दिसेल, त्याच्या आत घ्या.

झणझणीत

स्टँड पाहिजे असेल तर माझा न्या. टॉवेल काढून देतो.